तलावपाळीजवळचे जुने चर्च पंचेंद्रियांनी कसे अनुभवावे

मासुंदा तलावाभोवती फिरायला येणाऱ्या बहुतेक ठाणेकरांना सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च बाहेरून चांगले ठाऊक असते. शेजारची शाळा, नाताळातील रोषणाई, अधूनमधून कानांवर येणारी घंटा एवढा परिचय पुष्कळांचा असतो. मात्र कधी आत गेला आहात का, असे विचारले की ‘आपल्याला चालते का?’ असा प्रतिप्रश्न येतो. चालते. दार उघडे असेल तेव्हा शांतपणे आत जाऊन बसणाऱ्या माणसाला कोणी त्याचा धर्म विचारत नाही.

गेली अनेक वर्षे मी शेजाऱ्यांना आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना या चर्चमध्ये घेऊन जात आलो आहे. आत गेल्यावर बहुतेकांचा हात प्रथम मोबाइलकडे जातो, वेदीचे दोन फोटो निघतात आणि पाच मिनिटांत मंडळी पुन्हा तलावाच्या काठावर येतात. ज्या परंपरेत पाणी, तेल, मेण, धूप, राख, भाकर आणि द्राक्षारस या वस्तूंवाचून एकही मोठा विधी होत नाही, ती परंपरा फोटोत फारशी मावत नाही. म्हणून मी एक क्रम ठरवला आहे. चर्चला निदान तीन वेळा जावे, तिन्ही वेळा निरनिराळ्या प्रसंगी जावे, आणि पहिल्या भेटीत डोळ्यांना सर्वांत शेवटी मोकळे सोडावे. हाच क्रम भाईंदरजवळच्या डोंगरीच्या किंवा वसईच्या जुन्या चर्चनाही लागू पडतो.

निघण्यापूर्वी

तयारी फार नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे घालावेत, टोपी दारातच काढावी आणि मोबाइलचा आवाज बंद करावा. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य सामूहिक उपासनेच्या, वेळा आणि भाषा आवारातील सूचनाफलकावर लिहिलेल्या असतात. त्या आधी पाहून घ्याव्यात, कारण पहिली भेट विधी नसताना व्हायला हवी. लग्न किंवा अंत्यविधी चालू असल्यास परत फिरावे. छायाचित्रे हवी असतील तर चर्चच्या कार्यालयात रीतसर विचारावे आणि परवानगी मिळाली तरी फ्लॅश वापरू नये. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत गेल्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि चालतच जावे असे माझे सांगणे आहे, कारण स्थानकाबाहेरच्या गलबल्यातून आल्यावरच आतल्या शांततेचे वजन कळते.

एक गल्लत टाळावी. ठाण्यात सेंट जेम्स हेही इंग्रजी अमदानीतील जुने चर्च आहे. परंतु ते प्रोटेस्टंट परंपरेतले आहे. पुढे सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी, विशेषतः धूप, पवित्र पाणी आणि संतांच्या मूर्ती, तेथे शोधू नयेत.

पहिली भेट: कामाच्या दिवशी, चर्च रिकामे असताना

दारातच मराठी माणूस अडखळतो तो चपलांपाशी. देवाच्या दारात पायांतले काढायचे ही आपली सवय इतकी मुरलेली असते की हात आपोआप खाली जातो. येथे चपला पायांतच ठेवायच्या असतात. त्याचप्रमाणे घंटेची दोरी दिसली तरी तिला हात लावू नये. देवळात घंटा वाजवून आपण आल्याची वर्दी देतो, चर्चची घंटा मात्र साऱ्या वस्तीला उद्देशून, ठरलेल्या वेळी आणि नेमून दिलेल्या माणसाकडूनच वाजवली जाते.

दाराजवळ भिंतीत किंवा खांबाला लागून पाण्याचे एक उथळ भांडे असते. कॅथलिक माणूस त्यात बोटांची टोके बुडवतो आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा या क्रमाने स्वतःवर क्रूसाची खूण करतो. हे पाणी बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात प्रवेश देण्याच्या विधीची, आठवण देते. आणि हे चर्च ज्यांच्या नावाचे आहे ते संत योहान बाप्तिस्ता यॉर्दन नदीत लोकांना पाण्याने बाप्तिस्मा देणारे होते, तेव्हा या वास्तूत पहिली ओळख पाण्याशी व्हावी हे अगदी योग्य आहे. आमच्या शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे याच भागातल्या मूळच्या ख्रिस्ती, आजींनी मला प्रथम आत नेले तेव्हा काही न सांगता माझी तर्जनी धरून त्या पाण्याला टेकवली होती. बाहेर मे महिन्याचे ऊन होते आणि बोटाच्या टोकाएवढाच गारवा लागला. तो अजून आठवतो. आपण ख्रिस्ती नसाल तर क्रूसाची खूण करण्याची गरज नाही, करण्याचे नाटक तर मुळीच करू नये. पाण्याला नुसता स्पर्श करण्यास कोणाचा आक्षेप असल्याचे मी पाहिलेले नाही.

आता मागच्या बाकांपैकी एखाद्यावर, शक्यतो भिंतीच्या बाजूला, बसावे आणि दहा मिनिटे डोळे मिटावेत. नवख्या माणसाला ही दहा मिनिटे जड जातात. तरीही ती गाळू नयेत. प्रथम त्वचेला काय जाणवते ते पाहावे. जाड भिंती, उंच छप्पर आणि मोजकी दारे-खिडक्या यांमुळे जुन्या चर्चच्या आत रस्त्यापेक्षा गारवा असतो, आणि वरून फिरणाऱ्या पंख्यांची हवा अंगाला लागेपर्यंत बरीच सौम्य झालेली असते. मग तळहात बाकाच्या लाकडावर ठेवावा. पुढच्या बाकाची वरची कड, जिथे पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकून बसणाऱ्यांनी हात टेकवले, ती बहुधा गुळगुळीत झालेली असते, तर खालची बाजू खरखरीतच राहते. बोटांना कळणारा हा फरक म्हणजे त्या बाकाचे वयच.

त्यानंतर कान. वाहनांचे आवाज येथेही येतात, पण बोथट होऊन येतात. कोणी खोकले तर तो आवाज वर जाऊन जरा उशिराने परत येतो. बाजूच्या बाकावर एखादी बाई जपमाळ ओढत असेल तर मण्यांचा बारीक आवाज ऐकू येतो: दहा मणी, मग एक सुटा मणी, पुन्हा दहा. असे पाच दशक झाले की एक फेरी पूर्ण होते. आपल्याकडच्या 108 मण्यांच्या माळेशी तिचे नाते सहज ध्यानात येते, आणि मणी सरकवता सरकवता मनाला एका जागी बांधण्याची युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

डोळे उघडल्यावर लगेच वेदीकडे पाहू नये. आधी एक लहान दिवा शोधावा, बहुधा तांबड्या काचेतला. तो जेथे जळत असतो त्याच्या जवळच्या बंद पेटीत अभिमंत्रित भाकर ठेवलेली असते आणि तेथे ख्रिस्ताचे सान्निध्य आहे अशी कॅथलिकांची श्रद्धा असते. बाकात शिरण्यापूर्वी माणसे उजवा गुडघा जमिनीला टेकवतात तो या सान्निध्याला वंदन म्हणून. हे कळल्याशिवाय चर्चमधील माणसांच्या हालचालींचा अर्थ लागत नाही.

मग वेदी पाहावी. जुन्या कॅथलिक चर्चमध्ये पुष्कळदा दोन वेद्या दिसतात: एक मागच्या भिंतीला लागून, मूर्ती आणि कोनाड्यांसह उंच चढत गेलेली, आणि दुसरी तिच्या पुढे, साध्या मेजासारखी. 1962 ते 1965 या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर झालेला बदल येथे दिसतो. त्यापूर्वी धर्मगुरू लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करीत. त्यानंतर ते लोकांकडे तोंड करून लोकांच्या भाषेत बोलू लागले, आणि त्यासाठी वेदी पुढे आली.

मूर्ती ओळखणे अवघड नाही, प्रत्येक संताच्या हाती त्याची खूण असते. संत योहानांच्या अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र, हातात क्रूसाच्या आकाराची काठी आणि जवळ कोकरू असते. भिंतींवर क्रमाने लावलेली 14 चित्रे किंवा कोरीव फलक म्हणजे क्रूसाची वाट. त्यांची सुरुवात येशूला सुनावलेल्या मृत्युदंडापासून होते आणि शेवट कबरेपाशी. ही चित्रे एका जागी बसून पाहायची नसतात. एकेका चित्रासमोर उभे राहून पुढे सरकावे, कारण त्यांची रचनाच चालणाऱ्या माणसासाठी केलेली आहे.

जमिनीकडेही लक्ष असू द्यावे. जुन्या चर्चमध्ये लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा कधीकधी पायांखालीच असतात. अक्षरे झिजलेली असतील तर तिरक्या उजेडात, सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना ती अधिक स्पष्ट वाचता येतात.

घंटा ऐकण्यासाठी थांबावे

पहिल्या भेटीची वेळ अशी निवडावी की दुपारी 12 ची किंवा संध्याकाळची अंजेलुसची घंटा होईल. परंपरेने ती दिवसातून तीन वेळा होते. तीन ठोके, थोडा विराम, पुन्हा तीन, पुन्हा विराम, पुन्हा तीन, आणि शेवटी सलग नाद असा तिचा क्रम असतो. प्रत्येक विरामात मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाच्या प्रार्थनेचा एक भाग म्हटला जातो. हे ठोके आत बसून एकदा आणि दुसऱ्या दिवशी तलावाच्या पलीकडच्या काठावरून एकदा असे दोनदा ऐकावेत. आत धातूची धार जाणवते, तर पाण्यावरून येताना ती गळून पडते आणि फक्त गुंजन उरते.

ही घंटा ऐकताना मला नेहमी नाशिकच्या नारोशंकराची घंटा आठवते. 1534 च्या वसईच्या तहाने साष्टी बेटासह हा सारा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे आला आणि दोनशे वर्षे राहिला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेनंतर या भागातील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या आणि नारोशंकर, भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणच्या मंदिरांत आजही त्या टांगलेल्या आहेत. ज्यांनी त्या पाहिल्या असतील त्यांनी ठाण्यात बसून अंजेलुस ऐकावा, आणि ज्यांनी अंजेलुस ऐकला असेल त्यांनी मेणवलीला कृष्णेच्या घाटावर जावे. एकाच घराण्यातल्या दोन घंटा वेगळ्या देवांपुढे कशा बोलतात, हे तेव्हाच कळते.

दुसरी भेट: रविवारची मिस्सा

मराठीतील मिस्सा निवडावी. दहा-पंधरा मिनिटे आधी जावे आणि मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसावे. अगदी पहिल्या रांगेत बसल्यास पुढे कोणी नसते, त्यामुळे कधी उभे राहायचे आणि कधी बसायचे हे कळत नाही. उभे राहणे आणि बसणे सर्वांबरोबर करावे, गुडघे टेकणे ऐच्छिक आहे. सगळे गुडघ्यांवर असताना आपण शांत बसून राहिलो तर ते कोणाला खटकत नाही.

येथे कानांना सर्वांत मोठी मेजवानी असते. मराठी प्रार्थनांमध्ये ‘आमेन’, ‘आलेलुया’ आणि ‘ओसान्ना’ हे हिब्रू शब्द जसेच्या तसे येतात, तर ‘मिस्सा’, ‘क्रूस’ आणि ‘पाद्री’ हे पोर्तुगीजांकडून आले. आपण रोज म्हणतो तो ‘नाताळ’ही पोर्तुगीजच, आणि तोच प्रवास पाव, चावी, बादली, पगार, घमेले आणि हापूस यांनी केला. बाहेर पडल्यावर आवारात थांबून म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ऐकावे. ईस्ट इंडियन घरांतील मराठीला वेगळाच हेल असतो, आगरी-कोळी बोलींशी तिची जवळीक आहे आणि पोर्तुगीज शब्द तिच्यात सहज मिसळून गेले आहेत. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव ऐकून पुष्कळांना ही मंडळी बाहेरची वाटतात. खरे तर ती याच मातीतली आहेत; 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांनी हे नाव धारण केले, एवढेच.

विधीच्या दोन भागांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या भागात वाचने होतात. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूच्या जीवनाचा वृत्तांत, वाचायच्या आधी सगळे उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर एकेक लहान क्रूस काढतात, म्हणजे ऐकलेले वचन बुद्धीत, वाणीत आणि हृदयात राहावे. दुसऱ्या भागात धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला उंच धरतात. त्या क्षणी पुष्कळ ठिकाणी वेदीजवळची लहान घंटी वाजते आणि शेकडो माणसे असूनही श्वास ऐकू येईल इतकी शांतता पसरते. संपूर्ण विधीतील माझ्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान क्षण हाच. त्या वेळी इकडेतिकडे पाहू नये.

पुढे शांतीचे अभिवादन असते. शेजारी हात जोडतील किंवा हात पुढे करतील. आपणही तसेच करावे. कम्युनियनच्या, म्हणजे अभिमंत्रित भाकर वाटण्याच्या, वेळी मात्र रांगेत जाऊन ती घेऊ नये. बिनखमिराच्या गव्हाच्या पिठाची ती पातळ चकती कॅथलिकांसाठी प्रत्यक्ष ख्रिस्तशरीर असते आणि तिच्याकडे प्रसाद म्हणून पाहून हात पुढे करणे, कितीही आदराने केले तरी, त्यांना दुखावणारे ठरते. बाकावर बसून राहावे आणि इतरांना जायला वाट द्यावी.

नाकासाठी मोठा सण निवडावा, कारण साध्या रविवारी धूप बहुधा नसतो. साखळ्यांना टांगलेल्या धुपाटण्यात जळत्या कोळशांवर लोबानाचे खडे टाकतात आणि ते वेदीपुढे, शुभवर्तमानाच्या ग्रंथापुढे, मग जमलेल्या लोकांपुढेही हलवतात. आपल्या घरी तिन्हीसांजेला ऊद जाळतात तो वास आणि हा वास सख्ख्या नात्यातले आहेत. मधल्या वाटेच्या कडेला बसल्यास साखळीची किणकिण आधी ऐकू येते आणि वास मागून येतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी अशा दिवशी दाराजवळ बसावे. बाप्तिस्म्याच्या प्रसंगी निमंत्रण मिळाले तर आणखी एक वास घेता येतो: ऑलिव्हच्या तेलात सुगंधी राळ मिसळून बिशपांनी आशीर्वादित केलेल्या तेलाचा. ते बाळाच्या टाळूला लावतात.

जिभेचा वाटा चर्चच्या बाहेर असतो

तो शेजाऱ्याच्या घरीच मिळतो, विकत घेऊन पुरा होत नाही. नाताळात येणाऱ्या ताटात नेवऱ्या आणि कुलकुल हे तळलेले गोड पदार्थ असतात. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची बहीण. मे महिन्यात एखाद्या ईस्ट इंडियन घराजवळून जाताना मिरच्या, हळद आणि गरम मसाल्यांचा झणका आला तर तो बाटली मसाल्याचा असतो. उन्हात वाळवून, भाजून, कांडून तो गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात आणि वर्षभर पुरवतात. भातकापणीच्या सुमारास, ऑक्टोबरमध्ये, आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आणून आशीर्वादित करतात. दसऱ्याच्या सुमारास शेतकरी घरांत होणारे नव्या कणसांचे पूजन ज्यांना माहीत आहे त्यांना हा विधी निराळा समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी एक कणीस मागून घ्यावे आणि तळहातावर चोळून ताज्या साळीचा वास घ्यावा.

तिसरी भेट: वर्षातील एखादा मोठा दिवस

24 जून हा संत योहानांच्या जन्माचा सण. बहुतेक संतांचे सण त्यांच्या मृत्युदिनी असतात. योहान आणि मरिया यांचे मात्र जन्मदिवसही साजरे होतात. लूकच्या शुभवर्तमानानुसार योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठे, म्हणून हा दिवस नाताळच्या सुमारे सहा महिने आधी येतो, आणि आपल्याकडे तो नुकत्या सुरू झालेल्या पावसात सापडतो. ओल्या छत्र्या, भिजलेल्या मातीचा आणि मेणाचा एकत्र वास आणि छपरावर वाजणारा पाऊस यांसह संत योहानांचा सण पाहणे हे ठाणेकरांचे भाग्य आहे.

एप्रिल महिन्यात आणखी एक आठवण मनात ठेवून यावे. 1321 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या दोन शतके आधी, चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार जण, टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस, ठाण्यात मारले गेले. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवासी फ्रान्सिस्कनाने त्यांच्या अस्थी येथून चीनला नेल्या. ठाण्यातील ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होतो असे समजणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

मला एकच निवड करायला सांगितली तर मी ईस्टरआधीचा आठवडा सुचवेन, कारण त्यात प्रत्येक इंद्रियाला काहीतरी नाकारले जाते आणि मग परत दिले जाते. त्याच्या कितीतरी आधी, राखेच्या बुधवारी, आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावलेली असते. झावळ्यांच्या रविवारी नव्या झावळ्या हातात येतात आणि त्यांची सळसळ चर्चभर पसरते. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी गौरवगीताबरोबर घंटा शेवटची वाजते आणि मुकी होते. तिच्या जागी पुष्कळ ठिकाणी लाकडावर लाकूड आपटून कोरडा आवाज करतात. विधी संपल्यावर वेदीवरची वस्त्रे काढून घेतात. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. दाराजवळचे पाण्याचे भांडे पुष्कळदा रिकामे असते. ज्या बोटाला पहिल्या भेटीत गारवा लागला होता ते या दिवशी कोरड्या दगडाला लागते.

शनिवारी रात्रीच्या विधीला वेळेआधी अर्धा तास जावे. बाहेर शेकोटी पेटवतात आणि तिच्यावर पाश्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवली जाते. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर, चालू वर्षाचे चार अंक आणि पाच जखमांच्या खुणा म्हणून धुपाचे पाच दाणे असतात. ही मेणबत्ती नंतर वर्षभर चर्चमध्ये राहते, तेव्हा पुढे कधीही जाऊन ते अंक जवळून वाचता येतात. अंधाऱ्या चर्चमध्ये ती एकटी शिरते आणि तिच्यावरून माणसांच्या हातांतल्या लहान मेणबत्त्या एकामागून एक पेटत मागपर्यंत येतात. आपल्या हातातही कोणीतरी मेणबत्ती देईल. मेण बोटांवर ओघळू नये म्हणून तिला कागदाची चकती असते. ती ज्योतीपासून चार बोटे खाली ठेवावी. शेजाऱ्याची पेटलेली मेणबत्ती सरळच राहू द्यावी आणि आपली न पेटलेली तिच्याकडे तिरकी करावी.